दमा, प्रतिकारशक्ती आणि आमची एक चूक

'प्रतिकारशक्ती वाढवा!' ही घोषणा कोरोनाच्या काळात आम्हीही वस्तीवस्तीत दिली. विहाराच्या पायरीशी टेबल टाकून काढा वाटला, आले-हळदीची पत्रके भिंतींना चिकटवली. प्रतिकारशक्ती म्हणजे वाढवत न्यायची गोष्ट, जेवढी जास्त तेवढा माणूस सुरक्षित, असे आम्ही धरून चाललो होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आणि ऊठसूट लोकांना वैज्ञानिक दृष्टिकोन सांगणाऱ्या आम्हाला त्यात काहीही खटकले नाही. दोन वर्षांनी आमच्याच घरातल्या एका पोराची छाती रात्री दीड वाजता लोहाराच्या भात्यासारखी चालू लागली, तेव्हा खटकले.

ते पोर म्हणजे आमचा भाचा. तेव्हा नऊ वर्षांचा. ताई गोवंडीत राहते, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. पहाटे कंत्राटी कामावर रस्ते झाडायला जाते. पोराला चौथ्या वर्षापासून हिवाळा लागला की खोकला आणि रात्री घरघर. शेजारणी म्हणायच्या, बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल. आमची आई म्हणायची, "त्याच्या आज्याला होता, रक्तातच आहे ते." वस्तीतल्या दवाखान्यात पातळ औषध आणि गोळ्या मिळायच्या, फारच झाले तर मशीनवर वाफ. एकदा एका डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले. निळा लागेल तेव्हा घ्यायचा आणि तपकिरी रोज. ताईने आम्हाला फोन केला, "रोज द्यायचा म्हणतात रे, सवय नाही ना लागणार?"

आम्ही काय उत्तर दिले ते लिहायला आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, "ताई, तो तपकिरी स्टिरॉइडचा आहे. एवढ्या लहान पोराला रोज स्टिरॉइड कशाला? प्रतिकारशक्ती कमी होईल त्याची. निळा तेवढा जवळ ठेव." ताईने ऐकले. शिकलेल्या भावाचे ऐकायचे नाही तर कुणाचे?

२०२२ च्या डिसेंबरातली ती रात्र. बाहेर धूर आणि धुके एकमेकांत मिसळलेले. निळा पंप संपत आलेला. पोराला रिक्षात घातले तेव्हा त्याला 'मामा' एवढा शब्दही एका दमात म्हणता येत नव्हता. 'मा' म्हणायचा, श्वास घ्यायचा, मग दुसरा 'मा'. रुग्णालयात ऑक्सिजन लागला, औषधे गेली, पहाटेपर्यंत श्वास थोडा सुटला. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "रोजचा पंप कुणी बंद केला?" ताई जमिनीकडे बघत म्हणाली, "मीच केला." आमचे नाव तिने घेतले नाही. मग आम्हीच पुढे होऊन सांगितले की बंद आम्ही करायला लावला, आणि का तेही सांगितले.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. केसपेपरच्या मागे त्यांनी एक श्वासनलिका काढली आणि म्हणाल्या, "तुमच्या भाच्याची प्रतिकारशक्ती कमी नाही हो. ती चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या गोष्टीवर, नको तेवढी चालते आहे. तिला आवरणारे कमी पडले आहेत." हे वाक्य आम्ही घेऊन आलो आणि पुढचे कित्येक महिने त्यावर वाचत बसलो. जे समजले ते इथे मांडतो आहोत, कारण ही चूक आमच्या एकट्याची नाही. ती आपल्या घराघरांत होते आहे.

आधी आजार काय आहे ते बघू. श्वासनलिकेला आतून पेशींचे एक अस्तर असते. धुळीतले किडे, झुरळांची विष्ठा, बुरशी, परागकण यांतले काही घटक त्या अस्तराचे सांधे उसवतात. डिवचल्या गेलेल्या अस्तराच्या पेशी धोक्याचा इशारा देतात. आयएल-३३, टीएसएलपी अशी त्या रासायनिक इशाऱ्यांची नावे आहेत. तो इशारा मिळालेल्या दूत-पेशी परक्या कणाचा तुकडा घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. अॅलर्जी होणाऱ्या माणसात या टी-पेशी 'टीएच-२' नावाचे रूप घेतात आणि तीन प्रमुख रसायने सोडतात. आयएल-४ मुळे बी-पेशी 'आयजीई' हे प्रतिपिंड बनवू लागतात. आयएल-५ मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. आयएल-१३ मुळे नलिकेत चिकट कफ होतो आणि नलिका जराशा कारणाने आवळू लागते. आयजीई जाऊन मास्ट पेशींवर बसते. पुन्हा तोच कण आला की मास्ट पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन बाहेर टाकतात, आणि मिनिटांत दम लागतो.

हा आयजीई जपानी शास्त्रज्ञ किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या पतिपत्नीने अमेरिकेत १९६६ मध्ये शोधला. म्हणजे अॅलर्जीचा हा धागा हाती येऊन साठ वर्षे होत आली, आणि आपल्याकडे अजून 'थंड खाल्ले म्हणून दमा' यापुढे गाडी गेलेली नाही.

आता मुख्य प्रश्न. धूळ तर सगळ्यांच्याच नाकात जाते, मग सगळ्यांनाच दमा का होत नाही? याचे उत्तर दुसऱ्या एका पेशीत आहे. पुस्तकांत प्रतिकारयंत्रणेला सैन्य किंवा पोलीस म्हणतात. आपल्या वस्त्यांत पोलीस म्हटले की लोकांना वेगळेच काही आठवते, म्हणून आम्ही ती उपमा सोडून लगामाची घेतो. शरीरात काही टी-पेशींचे काम लढण्याचे नसते, लढणाऱ्यांना आवरण्याचे असते. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी ओळखून दाखवल्या. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी जन्मतः आजारी असणाऱ्या एका जातीच्या उंदरात 'फॉक्सपी३' या जनुकाचा बिघाड शोधला. पुढे कळले की नियामक पेशी घडवणारे जनुक हेच. या कामासाठी तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

फॉक्सपी३ बिघडलेले काही मुलगे जन्माला येतात. आजार फार दुर्मीळ आहे, पण तो फार काही सांगून जातो. त्या बाळांचे शरीर स्वतःच्याच आतड्यांवर, ग्रंथींवर हल्ला करते आणि त्यासोबत त्यांना तीव्र इसब होतो, रक्तातला आयजीई प्रचंड वाढतो. म्हणजे लगाम तुटला की अॅलर्जीही उसळते. दम्यात लगाम असा साफ तुटलेला नसतो, सैल पडलेला असतो. नियामक पेशी एरवी आयएल-१० सारखी शांत करणारी रसायने सोडतात, दूत-पेशींची चिथावणी कमी करतात, टीएच-२ पेशींना रोखतात. अॅलर्जीच्या दम्यात हे आवरणे कमी पडते. आणि एकदा टीएच-२ चा जोर झाला की ती रसायने नियामक पेशींनाच आणखी दुबळे करतात. असे ते चक्र आहे.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलेली एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. ज्या पदार्थाची अॅलर्जी असते, त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी निरोगी माणसातही असतात आणि रुग्णातही. फरक प्रमाणाचा असतो. निरोगी माणसात आवरणाऱ्यांचे पारडे जड, रुग्णात भडकणाऱ्यांचे. याचा अर्थ असा की निरोगी शरीर परक्या कणाला ओळखत नाही असे नाही. ते त्याला ओळखते आणि सोडून देते, आणि ते सोडून देणे हे सतत चालणारे काम आहे. आमची 'वाढवा, वाढवा' ही घोषणा इथे किती पोकळ होती ते आता लक्षात येईल.

मग हे पारडे ठरते कशाने? आई म्हणते तसे रक्ताने? अनुवंशाचा वाटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण रक्त म्हणजे नशीब नाही. अमेरिकेत अॅमिश आणि हटराइट नावाचे दोन ख्रिस्ती शेतकरी समाज आहेत. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, जनुकीय वारसा जवळचा, खाणेपिणे आणि कुटुंबाचा आकारही सारखा. तरी अॅमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फरक सापडला तो शेतीच्या पद्धतीत. अॅमिश लोक जुन्या पद्धतीने, घोड्यांच्या जोरावर, घराजवळच्या गोठ्यात गाई पाळून शेती करतात. त्यांची मुले लहानपणापासून गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची आणि मुलांपासून लांब. अॅमिश घरांतल्या धुळीत जीवाणूंचे अंश जवळपास सातपट जास्त होते, आणि तीच धूळ उंदरांच्या नाकात घातली तेव्हा त्यांचे दम्यापासून रक्षण झाले. हटराइट घरांतल्या धुळीने तसे झाले नाही. रक्त जवळपास एकच, परिस्थिती वेगळी, आणि आजार चौपट. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्याला हे वाचून वेगळे काही वाटते, ते उगाच नाही.

पण मित्रांनो, इथेच एक सापळा आहे. हा अभ्यास ऐकून एक प्रतिष्ठित गृहस्थ आम्हाला म्हणाले, "म्हणजे तुमच्या वस्तीतली पोरं काटकच होणार की! घाणीची सवय असते त्यांना." हे वाक्य आपल्या आजा-पणज्यांनीही ऐकले आहे. सवय असते म्हणून गटारात उतरवायचे, सवय असते म्हणून कचऱ्याशेजारी वसवायचे. गोठ्यातले जीवाणू आणि डम्पिंगचा धूर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जळणाऱ्या प्लास्टिकचा आणि डिझेलचा धूर श्वासनलिकेचे अस्तर फाडतो, इशारे वाढवतो, आयजीई वाढवतो. झुरळांचे म्हणाल तर अमेरिकेच्या शहरांतल्या आठ गरीब भागांतल्या दमेकरी मुलांचा अभ्यास १९९७ मध्ये छापला गेला. ज्या मुलांना झुरळांची अॅलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचे अंशही जास्त होते, त्यांना इतर मुलांच्या तुलनेत तीनपटीहून जास्त वेळा रुग्णालयात भरती व्हावे लागले होते. गळक्या, कोंदट, दाटीच्या घरात झुरळ आणि बुरशी येणारच. तो त्या आईच्या स्वच्छतेचा दोष नसतो.

आणि आता आम्हाला सर्वात जास्त हलवून गेलेला पुरावा. कॅलिफोर्नियातले फ्रेस्नो हे अमेरिकेतल्या अत्यंत प्रदूषित हवेच्या शहरांपैकी एक. स्टॅनफर्डच्या कारी नादो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांची तुलना स्वच्छ हवेतल्या मुलांशी केली. २०१० मध्ये त्यांनी मांडले की फ्रेस्नोच्या दमेकरी मुलांच्या नियामक पेशींची आवरण्याची ताकद कमी झालेली आहे, आणि त्यांच्या फॉक्सपी३ जनुकावर मिथाइलचे रासायनिक ठिपके जास्त बसलेले आहेत. असे ठिपके बसले की जनुक नीट वाचले जात नाही. म्हणजे ज्या जनुकाने लगाम घडायचा, त्यालाच हवेने कुलूप लावले. जनुक तेच राहते, फक्त ते दबले जाते.

आम्ही एम.ए.ला असताना वाचत होतो की विषमता जमिनीत असते, शिक्षणात असते, नोकरीत असते. ती नऊ वर्षांच्या पोराच्या पांढऱ्या पेशीच्या जनुकापर्यंत जाऊन बसते, हे तेव्हा कुणी शिकवले नव्हते. ज्या १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच साली देवनारला मुंबईचा कचरा पडायला सुरुवात झाली. पाण्याचा हक्क आपण मागितला आणि लढून घेतला. हवेचा हक्क अजून कुणाच्या जाहीरनाम्यात धड आलेला नाही. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा डोंगर पेटला, धुराने आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा चार दिवस शहराला आठवण झाली. मग धूर शहराकडून हटला आणि आठवणही हटली.

एवढे लिहून थांबलो तर लेख टाळ्या घेईल, पण आमची चूक पुन्हा होईल. कारण आम्ही नेमके हेच केले होते. हवेवर भाषण दिले आणि घरातल्या पोराचा पंप बंद केला. समाज बदलेपर्यंत त्या पोराने श्वास घ्यायचा की नाही?

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, आवळलेली नलिका काही तासांसाठी मोकळी करतो. आतली सूज तो उतरवत नाही. सूज उतरवतो तो रोजचा स्टिरॉइडचा पंप. भडकलेल्या टीएच-२ चा आणि इओसिनोफिलचा जोर तो श्वासनलिकेतच कमी करतो. लगाम सैल आहे तोवर बाहेरून दिलेला तो हात आहे. 'पंप म्हणजे शेवटचा उपाय, गोळी सौम्य' हा समज उलटा आहे. पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असते, ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या ४० पट. गोळी सगळ्या शरीरभर फिरते, फवारा हवा तिथे जातो. रोजच्या स्टिरॉइड पंपाचे तोटे शून्य नाहीत. तोंड नीट न धुतल्यास बुरशी येते, मुलांच्या उंचीत साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. ते एका पारड्यात ठेवा आणि दुसऱ्या पारड्यात ती डिसेंबरची रात्र ठेवा. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून सांगितले आहे की मोठ्यांनी आणि किशोरांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. लहान मुलांचे प्रमाण डॉक्टर ठरवतील. पंपांचे रंग कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे आपला रोजचा कुठला ते विचारून चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या.

लहान मुलांना पंप स्पेसरमधून द्यावा लागतो. तो महाग वाटत असेल तर केप टाउनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले आहे की ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसरही नेहमीच्या स्पेसरइतकाच काम करतो. कसा करायचा ते डॉक्टर किंवा नर्सताईंकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. आणि पोराला वाक्य पुरे करता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पहाटेची वाट न बघता रुग्णालय गाठा.

कोजागरीच्या चांदण्यात दम्याचे औषध घालून खीर वाटतात, हैदराबादेत मृगाला जिवंत मासा गिळायला देतात आणि हजारो लोक रांगा लावतात. त्या लोकांना हसू नका. रांगेतल्या माणसाला महिन्याच्या पंपाची खात्री कुणी दिलेली नाही. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त इथे होतात असा २०१९ चा अंदाज आहे. ही तफावत आजाराच्या स्वभावातून येत नाही. औषध हातात नसणे, असले तरी भीतीने न घेणे, आणि आमच्यासारख्या अर्धवट शहाण्यांनी ते बंद करायला लावणे, यातून ती येते. ब्युडेसोनाइडचा पंप देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तर मग तो प्रत्येक पालिका दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात, रोज, फुकट मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या निवेदनांत कचरा हटवण्याच्या मागणीशेजारीच आली पाहिजे.

आमच्या विहारात आता महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास दम्यासाठी असतो. पंप कसा ओढायचा ते नर्सताई दाखवतात, आम्ही हजेरी आणि कुणाचा पंप संपत आला ते लिहून घेतो. कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण हटवले की कार्य हटते, ही धम्माची शिकवण आम्ही वर्षानुवर्षे सांगत होतो. ती एका पोराच्या छातीवर कान ठेवून आम्हाला पुन्हा शिकावी लागली.

भाचा आता सातवीत आहे. रोजचा पंप घेतो, गुळणी करतो, कबड्डी खेळतो. हिवाळ्यात अजून कधीकधी घरघर होते, कारण देवनार तिथेच आहे. परवा विहारात त्याने एका लहान मुलीला बाटलीचा स्पेसर धरून दाखवला. तिची आई दबकत म्हणाली, "रोज दिला तर सवय लागेल का रे बाळा?" तो म्हणाला, "मावशी, श्वासाची लागेल."

आम्ही मागे उभे होतो. काही बोललो नाही.

जय भीम!